हॅझलविकच्या सात बायका

उपासना मेश्राम अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, इतिहासात पीएचडी करत होती आणि तिनं विषय घेतला होता हॅझलविक, इंग्लंडमधलं दीडशे उंबऱ्यांचं एक खेडं. प्रपोजलच्या मीटिंगमध्ये समितीतले ज्येष्ठ प्रोफेसर म्हणाले, "काम चांगलं आहे. पण तू नागपूरची, आंबेडकरी घरातली. तुझ्या लोकांवर का लिहीत नाहीस?"

मायेनं विचारलं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"सर, इंग्रजांनी आमच्या खेड्यांवर ढीगभर पुस्तकं लिहिली. त्यांना विचारलं का कुणी असं?"

मग तिनं हॅझलविकच्या पाद्र्याच्या वहीतल्या पानाची प्रत पुढं सरकवली. सन १७८६. चर्चमधली पुढची बाकं जमीनदारांची, मजुरांनी मागं उभं राहायचं. एका रविवारी सात मजूर बायका पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. पाद्र्यानं प्रार्थना थांबवली, तरी त्या उठल्या नाहीत. ओळीनं तीन रविवार.

"गावाच्या इतिहासात याला बायकांचं भांडण म्हटलंय," उपासना म्हणाली. "हे भांडण नाही. त्या कशासाठी बसल्या, ते मला वाचताक्षणी कळलं."

"तू तुझी जात तिथं नेऊन बघतेस."

"डोळे माझेच आहेत, सर. दुसऱ्या कुणाचे आणू?"

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी समितीतून आपलं नाव काढून घेतलं.

"विषय बदल ना यार," तिची रूममेट प्रणिता बसमध्ये म्हणाली. "डिग्री अडकेल."

"अडकू दे."

त्यांच्या जागी दुसरं कुणी मिळावं म्हणून महिनाभर उपासना दारोदार फिरली. दोघांनी नकार दिला. शेवटी भूगोल विभागातल्या एक बाई तयार झाल्या आणि प्रपोजल एक शब्दही न बदलता पास झालं.

त्याच आठवड्यात हॅझलविकच्या इतिहास मंडळाच्या चिटणीस व्हिडिओ कॉलवर आल्या. ऐंशीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. म्हणाल्या, "दर जूनच्या जत्रेत आम्ही त्या बायकांची नक्कल करतो. लोक पोट धरून हसतात. त्या सातजणींत माझ्या घराण्यातली एक होती, हे तू मंडळाला पाठवलेल्या लेखातली नावं वाचून कळलं. यंदा नक्कल बंद. तू येऊन बोलशील?"

"येईन. पण माझं बोलणं गावाला आवडेलच असं नाही."

"नाहीच आवडणार," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलावतेय."

उपासनानं तिथल्या तिथं जूनचं तिकीट काढलं.