जास्तीचा वेढा

ओल्या काथ्याचा वास.

बर्फात बसून चहा उकळणारा एक माणूस. तोंड दिसत नाही.

गच्चीवर वाळत घातलेले कुरडयांसारखे वडाम, आणि त्यांच्यावर टपलेला कावळा.

सांबारभातावर कोसळलेलं ताडपत्रीचं छप्पर.

रविवारी सकाळी येणारा भंगारवाला.

या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं विद्युलताबाईंना गुरुवार दुपारपर्यंत वाटत होतं.

*

सुरुवात ट्रंकेवरून झाली.

तमिळ मुलखात, पेरांबूरच्या रेल्वे शाळेत बाईंची हयात गेली. शिकवायच्या भूगोल, पण ओळख स्काऊटच्या पथकाची. लग्न होऊन साताऱ्याहून आलेली ही बाई पोरांना घेऊन डोंगर चढते, याचं तिथल्या पालकांना आधी नवल आणि मग कौतुक वाटायचं. पथक बंद पडल्याला जमाना लोटला. उरली ती हिरवी लोखंडी ट्रंक. आत दोऱ्या, खुंट्या, दोन कोयते, एक शिट्टी. ट्रंक जागा अडवते म्हणून यामिनीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं.

आणि वर तिनेच येऊन म्हणावं, "आई, सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत दाखवायला व्हिडिओ हवेत. जंगलात राहायचे, चूल पेटवायचे. तू चॅनल निवड ना चांगले."

"व्हिडिओ कशाला? ट्रंक खाली सोसायटीच्या हॉलमध्ये ने. मी शिकवते."

"अय्यो आई, आता दोरी कोण बांधतं? तंबू पिशवीतून काढला की आपोआप उभा राहतो."

"म्हणजे पोरांना उंटावरून शेळ्या हाकायला शिकवणार तुम्ही."

"सरी, ठीक आहे. एक चॅनल दाखव, एकच, ज्यात तुझ्या त्या दोरीचं खरं काम असेल. मग ट्रंक राहू दे. नाहीतर रविवारी जाणार. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!"

म्हण आईनेच शिकवलेली. आईने टॅबलेट पुढ्यात ओढला.

*

एक जण. लाकडावर लाकूड घासतो, धूर येतो, चित्र तुटतं, आणि पुढच्या क्षणी होळी पेटलेली. "काडेपेटी कुठल्या खिशात आहे रे?" बाईंनी टॅबलेटला विचारलं.

दुसरा नुसत्या काठीने रानात पोहायचा तलाव खणतो. मागच्या चिखलात जेसीबीच्या चाकांचे व्रण.

तिसऱ्याकडे सुरेच सुरे. जंगल नावाला नाही.

एक बाई खरोखर चांगली होती, हातही तयार होता, पण सगळा वेळ ओरडून बोलायची. रानात ओरडणाऱ्याला बाई पुढच्या सहलीला नेत नसत.

बुधवारी यामिनी कामावरून आली तेव्हा आई कपाळाला हात लावून बसलेली. "काय टीचर, सापडलं का काही?"

"सापडेल."

"पोदुम आई, पुरे. डोळे जातील."

*

गुरुवारी वडाम राखायला बाई गच्चीत सावलीला बसल्या होत्या. कावळ्याकडे एक डोळा, टॅबलेटवर दुसरा. त्या चॅनलला धड नावही नव्हतं. बघणारे मूठभर. कॅनडातलं कुठलंसं रान, बर्फ, आणि दोन हात. तोंड नाही, बोलणं नाही, संगीत नाही. हातांनी वाळक्या फांद्या जाडीप्रमाणे वेगळ्या केल्या, चूल मांडली, चहा उकळला. निघताना बसलेली जागा डहाळीने झाडून घेतली.

"शाबास," बाई म्हणाल्या.

मग त्या हातांनी ताडपत्रीची दोरी खुंटीला बांधली. गाठ पुरी झाली. झाली तरी हात थांबले नाहीत. दोरीचा आणखी एक वेढा, शेवट खाली दाबलेला, आणि वरून अंगठ्याने दोनदा थापटलं. लेकराला निजवल्यासारखं.

कावळ्याने एक वडाम उचलला. बाईंनी पाहिलं आणि जाऊ दिलं.

ती गाठ अशी कुठल्याच पुस्तकात नाही. एलगिरीच्या डोंगरावर, ऐन जेवणाच्या वेळी, पावसात भिजलेलं छप्पर सांबारभातासकट पोरांवर आलं होतं. गाठ सुटली, असं बाईंनी ठरवलं आणि त्या दिवसापासून फर्मान काढलं: माझ्या पथकात एक वेढा जास्त. पुढे एका मेळाव्यात परीक्षकांनी त्या वेढ्यापायी पथकाचे गुण कापले, तरी बाई हटल्या नाहीत.

थापटायची सवय मात्र बाईंची नव्हती. ती एकाच पोराची. प्राणेश. तंजावरकडच्या मराठी घरातला, वर्गात तोतरा म्हणून चिडवला गेलेला, आणि मग बोलायचंच सोडून दिलेला. पण हातात दोरी दिली की त्याचं वेगळंच. हात गुंतले की जीभ सुटायची. गाठ बांधता बांधता तो आजीच्या, मांजराच्या, रेल्वेच्या गोष्टी सांगायचा. वडिलांची बदली झाली आणि वर्ष अर्ध्यावर असतानाच तो शाळा सोडून गेला. जीभ पुन्हा बांधली गेली असेल का, हे बाईंच्या मनात कितीतरी वर्षं अडकून होतं.

व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं: हा जास्तीचा वेढा कशाला? नायलॉन सरकत नाही. खाली उत्तर: माहीत नाही. माझ्या टीचर घालायच्या.

बाईंनी एका बोटाने टाइप केलं: "प्राणेश, नायलॉनला तो लागत नाही. काढून टाक. टीचर."

*

शुक्रवार. काही नाही.

शनिवार. "आई, तो कोणीतरी भलताच असेल गं," यामिनी म्हणाली, पण हळू आवाजात. ट्रंक दाराशी आणून ठेवली होती.

रविवारी खालून भंगारवाल्याची हाक आली, आणि टॅबलेटवर नवा व्हिडिओ. तेच हात. तीच दोरी. आणि पहिल्यांदाच आवाज.

"ट... ट... टी..." हात थांबले. मग त्यांनी दोरी उचलली, खुंटीभोवती फिरवली. "टीचर, तुम्ही म्हणतां तें कळतें. नायलॉनला नको. पण हात ऐकत नाहींत. इथें लहान मुलांना शिकवतों मी. तींही असेंच बांधतात. आतां कोणाकोणाला सांगूं?"

वेढा पडला. अंगठ्याने दोनदा थापटलं.

बाईंनी पदर तोंडाला लावला. दारात जाऊन यामिनीने खाली वाकून भंगारवाल्याला ओरडून सांगितलं, "वेंडाम! ट्रंक नको! पेपर तेवढे घेऊन जा!" मग ट्रंकेची एक कडी धरली आणि म्हणाली, "दुसरी धर. हॉलमध्ये न्यायची ना?"

एलगिरीच्या सहलीसाठी जॉर्ज टाउनच्या बाजारातून आणलेली काथ्याची दोरी मुळातच कुजकी होती. गाठ बरोबर होती.