सुईबाहेरचे तास

परभणीच्या योगीराज नावाच्या दुकानदाराला माझ्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या दहा वाकळा हव्या होत्या. एकीचे दीड हजार देतो म्हणाला. उद्या सकाळी होय की नाही ते सांगा. गुडघ्यांनी निंदणी सोडायला लावली होती. हे काम गेलं तर चहापत्तीलाही लेकापुढे हात पसरावा लागणार. तरी घाईत होय म्हणायचं नव्हतं.

साक्षरता वर्गातली वही काढली. मागची वाकळ शिवताना सुई हातात घेतली की घड्याळ बघून लिहायचे, ठेवली की पुन्हा. अठ्ठावीस तास भरले होते. दीड हजारातून दोऱ्याचे शंभर काढले, उरलेल्याला अठ्ठावीसनं भागलं. तासाला पन्नास. निंदणीलाही तेवढेच पडतात, आणि डोक्यावर ऊन नाही.

"जमतंय," मी सुनेला म्हणाले.

शालूनं वही पाहिली. "आत्याबाई, जुनी लुगडी धुतली कोणी? शेजारच्या कासाबाईनं?"

"मीच की."

"अन् उसवून, फाडून थर लावले ते?"

"ते कुठं काम हाय? ते घरचं."

"दोरा आणायला जिंतूरला गेलता, ते काय पाहुणी म्हणून?"

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. जन्मभर धुणं केलं, पण काम म्हणून ते कधी धरलंच नव्हतं. दोघींनी बसून आठवलं. धुण्याचे तीन, उसवण्याचे नि थर लावायचे पाच, जिंतूरचे चार. सगळे मिळून चाळीस तास. तासाला पस्तीसच पडले.

"मग निंदणीच बरी."

"गुडघ्याला इचारा आधी," शालू म्हणाली. "पन्नासच्या हिशेबानं भाव सांगा. लय झालं तर न्हाई म्हणल."

सकाळी फोन आला. मी एकवीसशे सांगितले.

"मावशी, एकदम सहाशे वाढवले?"

"वाढवले न्हाईत, भाऊ. आधी मोजलेच नव्हते." मग धुण्यापासून सगळं वाचून दाखवलं.

शालूनं माझा गुडघा दाबून धरला.

"दहा न्हाई झेपायच्या," तो म्हणाला. "सहा घेतो. अन् लुगडी मीच धुऊन पाठवली तर?"

मी तीन तास वजा केले. "एकोणीसशे पन्नास."

"पाठवतो."

फोन ठेवून मी नवं पान उघडलं. वर योगीराजचं नाव घातलं आणि पहिली ओळ लिहिली: फोनवर बोलणे, पाव तास.