पाठमोरं जेवण

निवृत्त हवालदार आकाराम यांची साखर ताळ्यावर आली, ही बातमी कुंडल गावातल्या निम्म्या लोकांना त्यांच्याच तोंडून कळली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्याच तोंडून दोनदा कळली. पलटणीत असताना त्यांनी बर्फ पाहिला होता, गोळीबार ऐकला होता. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पण दोन भाकरींवरून एका भाकरीवर आपण कसे आलो, हा वृत्तांत त्यांनी पारावर सांगितला, दूधडेअरीत सांगितला आणि एका मयताला गेले असताना तिरडी बांधून होईपर्यंत तिथंही सांगून घेतला.

शिस्त मोठी कडक होती. सकाळी उसाच्या बांधानं फेरी. चहा बिनसाखरेचा, तोही तोंड वाकडं न करता. दुपारच्या ताटात आधी काकडी-गाजर, मग भाजी-आमटी आणि एकच भाकरी. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, शाळेपर्यंत चालत जाऊन यायचं. हे सगळं आपण एकट्यानं पार पाडलं, असं हवालदारांचं प्रामाणिक मत होतं. काकडी कोण चिरतं, ताटाशेजारी गोळी कोण ठेवतं, असले प्रश्न त्यांना पडले नव्हते. लंगरातलं जेवण कुठून येतं हे जवानानं विचारायचं नसतं.

ते बनुबाईंकडून येत असे. मुलगी क्रांती साताऱ्यात संसाराला लागलेली, त्यामुळे घरात नवरा-बायको दोघंच. हवालदार जेवून चालायला बाहेर पडले, की बनुबाई स्वयंपाकघरात आपलं ताट घेत. ते परत येईपर्यंत भांडीसुद्धा घासून पालथी घातलेली असत.

तपासणीला दोघं सांगलीला गेले. बनुबाई नेहमीसारख्या पाण्याची बाटली आणि पिशवी धरायला. डॉक्टर चारुशीला यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "काका, उत्तम! तुम्ही माझ्या तरुण पेशंटना लाज आणलीत."

हे बायकोनं ऐकलं की नाही, ते पाहायला हवालदार वळले. बनुबाई फाईल द्यायला बाकावरून उठत होत्या. अर्ध्यात उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "काकू, परत उठा बघू. हात न टेकता."

बनुबाईंनी जोर लावला. मांड्या थरथरल्या, हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरल्या, पण उठणं काही झालं नाही. त्या हसल्या. "गुडघं रुसल्यात जरा."

त्यांना काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी आकडा वाचला आणि हवालदारांना विचारलं, "काकू जेवतात का?"

"जेवती की."

"काय जेवतात?"

"आता... जेवाण."

शेजारच्या धुळाच्या म्हशीला सरकी किती आणि पेंड किती, हे हवालदारांना तोंडपाठ होतं. या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे एवढंच उत्तर निघालं.

"भाकरी किती खाता, काकू?"

"ह्यांच्यायेवढीच. एक."

"अहो, साखर त्यांना आहे!"

"व्हय की. पण ह्यांच्यापरास जास्त कशी खाऊ?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, उतारवयात अंगातलं मांस गुपचूप झिजतं. पोटात नीट गेलं नाही, तर आणखी भराभर. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, हाड मोडतं आणि माणूस अंथरूण धरतं. यांना डाळ, मोडाची मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी, सगळं पाहिजे. महिनाभरात वजन वाढलं नाही, तर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील."

परतीच्या एसटीतून उतरताना हवालदारांनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली.

"द्या हिकडं," बनुबाई कुजबुजल्या. "लोकं बघत्यात."

दुसऱ्या दिवसापासून हवालदारांनी नवी मोहीम उघडली. मटकी भिजली, शेंगदाणे आले, दुधाचं माप वाढलं. अंड्यांचा मात्र घोळ झाला. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; मध्येच चतुर्थी, मध्येच एकादशी. वार बघून अंडी घालायची अक्कल कोंबडीला नव्हती. दुधाचं दही होई, दह्याचं ताक होई आणि ते ताक हवालदारांच्याच पेल्यात येई.

"खाल्लंस का?" ते रोज विचारत.

"खाल्लं की," बनुबाई रोज सांगत.

धान्य तोलायचं निमित्त काढून त्यांनी एकदा बायकोला दुकानातल्या काट्यावर उभं केलं. काटा वर चढला नव्हता. थोडा खालीच आला होता. हवालदारांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काटा बरोबर हाय, हवालदार." त्या दिवशी पारावर ते साखरेचं काही बोलले नाहीत. लोकांना चुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला फोन लावला. "क्रांते, तुझ्या आईला खायाला काय आवडतं गं?"

"आईला व्हय?" क्रांतीनं विचार केला. बराच केला. "आईला शिळं आवडतं, आप्पा."

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "तुमी आईला जेवताना कवा बघितलंय का हो? मला तर आठवंना."

हवालदारांनाही आठवेना. लग्नात एकमेकांना घास भरवला होता तेवढाच, आणि तेव्हाही ते फोटोवाल्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून चालायला निघाले, पण शाळेचं फाटक दिसताच मागं वळले आणि मागच्या परड्याच्या दारानं घरात शिरले.

बनुबाई भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. भाकरीचा कडक पापुद्रा काढून ठेवलेला, आतला मऊ भाग आमटीत भिजवलेला. तो पुढच्या दातांनी थोडा थोडा दाबायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायचा. मध्येच त्या थांबल्या, गालावर तळवा दाबून डोळे मिटून बसल्या आणि मग पुढचा घास उचलला. शेजारी एका पाटीत मटकी आणि शेंगदाणे होते, शेळीसाठी काढलेले. शेळी अलीकडे बरीच बाळसेदार का दिसते, याचा उलगडा हवालदारांना झाला.

"दुखतंय?"

बनुबाई दचकल्या. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर पदर ताटावर ओढला. "आवं, तुमी? भाईर जावा की! बाईमाणूस जेवताना बघत्यात व्हय?"

हवालदार समोर मांडी घालून बसले. "तोंड उघड."

"काय तरीच."

"उघड म्हणतोय न्हवं?"

जतच्या बाजारात खिलार बैलाचं तोंड उघडून वय सांगावं, तर ते आकाराम हवालदारांनीच. माणसं त्यांना मुद्दाम संगं न्यायची. या तोंडात मात्र त्यांनी आज पहिल्यांदा डोकावलं. एका बाजूच्या दाढा गेलेल्या. दुसऱ्या बाजूला एक खुंट उरलेला आणि त्याभोवतीची हिरडी लालभडक सुजलेली.

"कवापासनं हाय हे?"

"क्रांतीचं थोरलं रांगत हुतं, तवापासनं एकेक चालल्यात."

"अगं, ते आता फटफटी उडवतंय!"

"मग? पोरं मोठी व्हायचीच."

"बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं?" बनुबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "तुमाला कडक भाकरी लागती. तुमी माझ्यासाठनं मऊ करायला सांगितली असती, आन् मग तोंड पाडून खाल्ली असती. त्यापरास हे बरं. तुमचं पथ्य निघालं, तवा तर मला सुटल्यागत झालं. एक भाकरी चावायची वाचली."

मटकीची पाटी हवालदारांनी उगाच इकडची तिकडे सरकवली. कडक भाकरी त्यांनीच मागितली होती. रोज. कधी मऊ आली, तर ती ताटात उलटी करून ठेवायची त्यांची पद्धत होती.

"उद्या सांगलीला जायाचं. दाताच्या डाक्टरकडं."

"उद्या गुरवार हाय."

"दात काय मांसाहार हाय व्हय?"

बनुबाईंना हसू आलं आणि हसताना दुखलं, म्हणून त्यांनी पुन्हा गाल धरला.

हवालदार उठले. खलबत्ता शोधायला त्यांना वेळ लागला, कारण स्वतःच्या स्वयंपाकघरात ते पाहुणे होते. शेंगदाणे कुटले, निम्मे खलात राहिले, निम्मे घरभर झाले. दूध तापवलं, त्यात भाकरीचा मऊ भाग कुस्करला, वर कूट टाकलं.

"ह्यात आनी काय पायजे? खरं सांग."

बनुबाईंनी आढेवेढे घेतले. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "गूळ. पण घरात न्हाई. तुमची साखर निघाली, तवाच मी आणायचा बंद केला."

तिला गूळ आवडतो, हे हवालदारांना आत्ता कळलं. ते रिकामी वाटी घेऊन तडक धुळाच्या दारात गेले. "धुळा, गुळाचा खडा दे."

धुळानं वाटीकडं बघितलं, हवालदारांकडं बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "मोडलं व्हय पथ्य? एवढं गावाला श्यानपन शिकवून?"

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बायकोच्या दाढांची गोष्ट पारावर चघळली जावी, हे त्यांना पटेना.

"मोडलं," हवालदार म्हणाले. "मोठा दे."

आता ही बातमी संध्याकाळपर्यंत कुठवर जाणार, हे त्यांना नेमकं माहीत होतं. बातम्या कशा पसरतात याचा त्यांच्याएवढा अनुभव गावात कुणाला नव्हता.

गूळ दुधात विरघळला. वाटी पुढे सरकवली, तरी बनुबाई खाईनात.

"खा की."

"तुमी बघताय."

"मग जाऊ भाईर?"

बनुबाईंनी क्षणभर विचार केला. "ऱ्हावा. पर बघू नगा."

तेव्हा हवालदार फिरले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. दोघांच्या पाठी एकमेकींना लागल्या. तिच्या पाठीचे मणके सदऱ्यातून एकेक टोचत होते. मागं चमचा वाटीला लागत होता. मध्ये थांबला, की हवालदारांचा श्वास थांबायचा. पुन्हा वाजला, की सुटायचा. हळूहळू तिच्या पाठीचं ओझं त्यांच्या पाठीवर आलं. फार नव्हतं ते. पण होतं तेवढं तिनं सगळं टेकवलं.

चमचा वाटीच्या तळाशी खरवडला.

"आवं," मागून आवाज आला. "वाईच आनी करता? आन् ह्या टायमाला दाणं नीट कुटा."