पंकजाची जर्मनची वही

मी वही बोलतेय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. नागापुरात पंकजाचं सासर, तिथे टीव्हीशेजारी माझी जागा असायची.

पंकजा नर्स. जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून ड्युटी सुटली की नगरला जर्मनच्या क्लासला जायची. व्याकरणात भूतकाळ सुरू झाला तशी तिथल्या ज्ञानेश्वर सरांनी सवय लावली, काल घरात काय घडलं त्याची दहा वाक्यं रोज लिहायची. बाकीच्या पोरी ‘मी भात खाल्ला, मी मालिका पाहिली’ असं लिहून मोकळ्या व्हायच्या. पंकजाने खरं लिहिलं.

‘काल त्याने मला मारलं. मी ओरडले नाही.’ तो म्हणजे ओंकार, तिचा नवरा. मराठीत हे कुणाला सांगायची तिला लाज वाटायची, परक्या भाषेत हात धजावला. शिवाय घरात मला वाचणार कोण? सासूबाई, रतनबाई, तर आल्यागेल्याला मला उघडून दाखवायच्या.

“बघा, आमची सून जर्मन ल्हिती! लई हुशार हाय.”

पाहुणे माना डोलवायचे. ओंकारही कौतुकाने पानं चाळायचा, तेव्हा मला त्याच्या बोटांची किळस यायची.

मला वाचू शकेल असा माणूस एकच, सर. पंकजा त्यांच्यासाठीच लिहीत होती. त्यांनी लाल पेन उघडलं की माझा जीव वरखाली व्हायचा. पण वह्यांचा हा ढीग, सरांची नजर क्रियापदापलीकडे जायचीच नाही. ‘मी जिन्यावरून पडले नाही, त्याने मला ढकललं.’ सरांनी पडण्याचं रूप दुरुस्त केलं, खाली ‘छान’ लिहिलं आणि पान उलटलं.

एक दिवस पंकजा उजव्या हाताला प्लास्टर घालून आली. मला सरांपुढे ठेवलं.

“सर, एकदा नीट वाचा ना.”

“वाचली की! आता एकही चूक होत नाही तुझी.”

पंकजा मागे वळली. मला तिथेच ठेवून गेली, ती परत क्लासला आलीच नाही.

आता मी नमुन्याची वही आहे. नव्या बॅचच्या बावीस जणी माझ्यातली वाक्यं उतरवून घेतात. अर्थ अजून कुणाला धड लागत नाही. सरांच्या मागोमाग त्या एका सुरात जर्मनमध्ये म्हणतात, ‘काल त्याने मला मारलं.’

“शाब्बास! पुन्हा एकदा.”

पोरींनो, हात जोडते, नुसतं उतरवू नका. माझ्या पहिल्या पानावर पंकजाचा मोबाईल नंबर आहे. ती अजून त्याच घरात असेल. तो नंबर कुणीतरी लावा.