पिवळ्या दोऱ्याचा टाका

"हात वर कर. अगं, चोर पकडल्यासारखे नाही, बाजूला पसर."

हिमानीने हात पसरले आणि डाळिंबी सिल्कचा तो ब्लाउज खुंटीला अडकवल्यासारखा तिच्या अंगावर लोंबायला लागला. मी दोन्ही बगलांत कापड चिमटीत धरून पाहिलं. दोन-दोन इंच सहज हातात आलं. खाली शिवलेली नऊवारी होती, तिचा कमरेचा पट्टा तिने डाव्या हाताने धरून ठेवला होता, नाहीतर ती पायांतच उतरली असती.

"कुणाच्या मापाचं शिवलंय हे?"

"माझ्याच."

"तुझ्या? कोणत्या साली?"

तिने पट्टा आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मावशी, शनिवारी लग्न आहे."

त्या दिवशी मंगळवार होता. मला ह्याची सवय आहे. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या माझ्या बेसमेंटमध्ये बावीस वर्षं दोन मशीन चालताहेत आणि बावीस वर्षांत एकही नवरी वेळेवर आलेली नाही. वरातीमागून घोडं. ऑनलाइन मागवलेले लेहेंगे, भारतातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेले ब्लाउज, सगळं शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येऊन पडतं. मी आधी बोलून घेते, मग करून देते. माझी जीभ तिखट आहे हे ओक ट्री रोडवर सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी येतात.

पण ह्या ब्लाउजला काय बोलणार? मी तो उतरवून घेतला आणि उलटा करून पाहिला. अस्तर असं बसवलेलं, की आत-बाहेर ओळखू येऊ नये. काजं हाताने केलेली. बाहीच्या काठाला जुळवून पाठीचा काठ. मानेपाशी छोटी पट्टी होती: दीपा लेडीज टेलर, अकोला.

"ही दीपा कोण?"

"आई," हिमानी म्हणाली.

म्हणजे घोळ आणखीच वाढला. टेलरबाईने स्वतःच्या मुलीचं लग्नाचं कापड चार इंच ढगळ शिवलं? शक्यच नाही.

"बस," मी म्हणाले. "चहा टाकते. आणि खरं काय ते सांग. डॉक्टर, वकील आणि शिंपी, तिघांशी खोटं बोलू नये."

तिने सांगितलं. ती इथे मास्टर्स करायला आली. नवरा मुलगा प्रथमेश, पार्सिपनीला नोकरीला. तिच्या आईवडिलांना व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख मिळाली ती ऑक्टोबरमधली, आणि हिची व्हिसाची मुदत त्याआधीच संपते. म्हणून देवळाच्या हॉलमध्ये चाळीस माणसांत लग्न, आणि अकोला फोनवर. आईने सांगितलं, मला येता येत नाही तर निदान माझं शिवलेलं तरी नेस. नऊवारीही शिवूनच पाठवते, तिकडे तुला नेसवणार कोण?

"मग माप?"

"फेब्रुवारीत माझं अपेंडिक्स फुटलं," हिमानी कपाकडे बघत म्हणाली. "इन्फेक्शन झालं. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. नंतर दोन महिने काही खाताच येत नव्हतं. चौदा किलो गेले, मावशी."

"आणि आईला?"

"काही सांगितलं नाही. तिला बीपी आहे. ती तिथे, मी इथे, यायचा रस्ता नाही. सांगून करणार काय? व्हिडिओ कॉलवर फोन असा जवळ धरायचे, फक्त चेहरा. तिने शिवलेला कुर्ता घालायचे, तिला बरं वाटावं म्हणून. तिने माप विचारलं तर म्हटलं, जुनंच आहे. घरी माझा मापाचा ब्लाउज होता, त्यावरून शिवलं तिने." तिने माझा हात धरला. "मावशी, शनिवारी ती पूर्ण वेळ व्हिडिओवर असणार आहे. तिला काही म्हणजे काही कळता कामा नये. ती टेलर आहे. दुसऱ्याचा हात लागलेला तिला दिसेल."

मला राग आला. आईशी असं खोटं बोलतात का? पण रागवायला तोंड उघडलं आणि माझाच रविवार आठवला. माझा अंकुर टेक्सासमध्ये शुगर लँडला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा घटस्फोट झाला. दर रविवारी गाडी चालवता चालवता तो मला फोन करतो आणि म्हणतो, "सगळं ठीक आहे, आई." मीही म्हणते सगळं ठीक. गुडघ्याचं सांगत नाही, मोतीबिंदूचं सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो "इकडे ये, राहा" म्हणतो, मी "येते येते" म्हणते, आणि दोघंही फोन ठेवतो.

"ठेवून जा," मी हिमानीला म्हणाले. "शुक्रवारी ये. आणि घरी जाऊन जेव."

बुधवारी सकाळी उजेडाला बसले. खिडकीतून येतो तेवढाच उजेड आता मला पुरतो, दिव्याखाली बारीक टाका दिसत नाही. मंगळवारी हिमानीचं माप घेऊन कागदावर टिपलं होतं, ते आधी खडूने ब्लाउजवर आखून घेतलं. छातीत चार इंच, कमरेत चार, मुंढ्यात थोडं. मग बगलेतलं अस्तर उसवायला घेतलं. उसवताना हात जड होत होता. कुणाचं वाईट काम उसवायला काही वाटत नाही, उलट मजा येते. पण इतकी सुंदर शिलाई उसवणं म्हणजे कुणी घातलेली रांगोळी पुसण्यासारखं.

अस्तर सुटलं आणि आत मला पिवळा दोरा दिसला.

आधी वाटलं, राहिला असेल. कच्चा टाका घालतात, मग काढायला विसरतात. पण ही बाई विसरणारी नव्हती. मी अस्तर आणखी उघडलं. डाळिंबी कापडाच्या आतल्या बाजूने, शिवणीपासून आत, वरपासून खालपर्यंत पिवळ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्याची एक सरळ ओळ होती. बाहेरून काही दिसू नये इतक्या नाजूक सुईने घातलेली. दुसऱ्या बगलेतही तशीच. नऊवारीचा पट्टा उलटून पाहिला. तिथेही पिवळा दोरा.

माझ्या खडूची रेघ आणि तिच्या दोऱ्याची ओळ मी शेजारी शेजारी धरली. छातीत एका सुताचाही फरक नव्हता. कमरेत मीच पाव इंच जास्त धरलं होतं. पुन्हा टेप लावली, हिमानीच्या मापाचा कागद काढून पाहिला. बाईचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं.

मी मशीनवरून उठले आणि पायरीवर जाऊन बसले.

हिला कळलं कसं? मुलगी फक्त चेहरा दाखवत होती. मग लख्ख आठवलं. कुर्ता! वेड्या पोरीने आईला बरं वाटावं म्हणून आईनेच शिवलेला कुर्ता घातला. शिवणाऱ्या बाईला आपण शिवलेला गळा कुठे बसतो ते माहीत असतं. तो गळा एका खांद्यावरून घसरलेला दिसला, गळ्याची हाडं वर आलेली दिसली, की टेप लावायची गरज नाही. सातासमुद्रापलीकडून बाईने पोरीचं माप घेतलं. आणि पोर म्हणाली जुनंच माप आहे, तर जुन्याच मापाने शिवून दिलं. तिचं खोटं उघडं पाडलं नाही. फक्त आत खूण ठेवली. हिमानीला ती दिसणार नव्हती, ती थोडीच उसवणार होती? जी कोणी उसवेल तिच्यासाठी ठेवली. म्हणजे माझ्यासाठी.

मी पायरीवर बसून रडले. खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले, कारण रडून मोतीबिंदू जात नाही, आणि कामाला बसले. तिच्या ओळीवरूनच शिलाई घातली, माझी खडूची रेघ पुसून टाकली. कापड एक धागाही कापलं नाही, सगळं आत दाबून ठेवलं. शेवटी पिवळा दोरा टोकाला धरून हळूच ओढला. एका दमात निघाला. तो एका रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून ठेवला.

शुक्रवारी हिमानीने घालून पाहिलं आणि आरशासमोर गोल फिरली.

"मावशी! हे तर परफेक्ट आहे! पण आत जाड लागतंय. कापलं नाहीत का?"

"नाही. अंग धरशील वर्षभरात, तेव्हा सोडून घे."

"आईला कळेल?"

"काय कळायचं ते कळेल," मी म्हणाले. दोऱ्याचं सांगितलं नाही. जी गोष्ट तिच्या आईने सांगितली नाही, ती मी कोण सांगणारी? अर्थात माझ्यासारखीला जीभ आवरणं किती अवघड गेलं ते माझं मला माहीत.

शनिवारी मला आग्रहाने बोलावलं होतं. एकीकडे गुरुजींनी लॅपटॉप उघडून मंगलाष्टकं चालवली होती, दुसरीकडे टेबलावर वाट्यांच्या उतरंडीला टेकवून फोन उभा केला होता, आणि त्यात अकोला. तिथे संध्याकाळ उतरली होती. खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि सगळ्यात पुढे एक बारीक बाई, नाकावर चष्मा, गळ्यात टेप. लग्नालासुद्धा टेप काढायची राहिली होती बाईची. माझ्याही पर्समध्ये असते.

अक्षता पडल्यावर हिमानी फोनपुढे गेली. प्रथमेश वाकून नमस्कार करत होता, पण बाईचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

"दूर हो जराशी. पुरी दिसू दे," बाई म्हणाली.

हिमानी मागे सरकली. तिचा चेहरा उतरला होता.

"आता फिर. पाठ दाव."

ती फिरली. हॉलमध्ये ढोलकी, पोरांचा गोंधळ, पण माझी नजर फोनवरच होती. बाईने चष्मा वर केला, खाली केला. बघत राहिली.

"बराबर बसलं वं," शेवटी ती म्हणाली.

"तूच शिवलं ना, आई," हिमानी म्हणाली. "जुन्याच मापाचं."

"हो ना. जुन्याच मापाचं." बाई हसली. मग डोळ्यांना पदर लावला. "आता नीट जेवत जाय. आन् त्या मावशीले माहा नमस्कार सांगजो."

"कोणत्या मावशीला?"

पण तेवढ्यात अकोल्याकडच्या कुणी तरी फोन ओढून घेतला, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

हिमानी सरळ माझ्याकडे आली. डोळे भरलेले. "मावशी, मी तिला तुमच्याबद्दल कधी बोललेच नाही. तिला कसं कळलं? तिला काय काय कळलंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून ते बॉबिन काढलं आणि तिच्या मेंदीच्या हातावर ठेवलं. "हा दोरा आत होता. तुझं आत्ताचं माप. आईने आखून पाठवलेलं."

ती दोऱ्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती सगळे दिवस..."

"सगळे दिवस," मी म्हणाले. "आता जा, तिला फोन लाव. गर्दी संपल्यावर, दोघीच. आणि सगळं सांग."

तिने बॉबिन ब्लाउजच्या आत, जिथे जाड लागतंय म्हणाली होती तिथेच, खोचलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अंकुरचा फोन आला, नेहमीसारखा गाडीतून. "सगळं ठीक आहे, आई. तू कशी आहेस?"

"घरी पोहोच," मी म्हणाले, "आणि व्हिडिओ लाव."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. लाव."

अर्ध्या तासाने त्याचा चेहरा दिसला. अगदी जवळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत. म्हणजे हा पण त्याच शाळेतला.

"उभा राहा. फोन टेबलावर ठेव आणि मागे सरक."

"अगं, हे काय चाललंय? फॅशन शो आहे का?"

"हो, आहे. आणखी मागे."

तो सरकला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्याच्या पहिल्या नोकरीच्या वेळी मीच शिवलेला. माझ्याशी बोलायचं म्हणून घातला असणार. खांद्याची शिवण दोन्ही बाजूंनी दंडावर उतरली होती. चांगली इंचभर.

"दिसलं? सगळं ठीक आहे," अंकुर म्हणाला.

"शर्ट धुऊन ठेव," मी म्हणाले. "मी येऊन आत घेते."

तो "कशाला" म्हणाला नाही. मग पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "कधी येतेस?"