अम्मींच्या हातची जीभ

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या त्या घरात बड्याची, म्हणजे बैलाची, जीभ शिजवावी ती हाजराबींनीच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाशी, अर्शशी लग्न करून सून होऊन आलेल्या कशफलाही त्यांनीच शिकवलं होतं: खाटकाकडून लहान जीभ निवडून घ्यायची, तीन तास उकडायची आणि गरम असतानाच वरची जाड कातडी सोलायची.

त्या शुक्रवारी कशफने रश्श्यावरचं झाकण काढलं आणि ती थबकली. तुकडे न सोलताच आत पडले होते.

"अम्मी, कातडी राहिली."

"कसली कातडी?" हाजराबींनी खरंच न कळून विचारलं.

कशफ एकेक तुकडा बाहेर काढून सोलू लागली. बोटं भाजत होती.

"छान जमतं गं तुला. कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, अम्मी."

हाजराबींचा चेहरा उतरला. "अर्शला सांगू नकोस. घाबरेल तो."

जेवताना अर्श खुशीत होता. "अम्मी, तुझ्या हातची चव कुणालाच नाही!" हाजराबींनी मान खाली घातली.

जेवणं उरकल्यावर कशफने नवऱ्याला गॅलरीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. "उद्याच अम्मींसाठी डॉक्टरांची वेळ घे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.