बदलाचे शब्द

"मॅडम, एका बदलाला एवढे शब्द कशाला लागायलेत ओ?" दीपमालानं विचारलं आणि वर्गातल्या सगळ्या बायका हसल्या.

परभणीहून लग्न होऊन आलेल्या, सातवी शिकलेल्या दीपमालाची सोळा वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे तपासण्यात गेली होती. परदेशी पाहुणे येणार म्हणून कंपनीनं गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर इंग्रजीचा वर्ग सुरू केला होता. शिकवायला ऋता मॅडम रावेतहून यायच्या. आज फळ्यावर लिहिलं होतं: चेंज, अपग्रेड, रिप्लेस, फेज आउट. खाली एक अख्खं वाक्य, टर्न ओव्हर अ न्यू लीफ.

"लीफ म्हंजी झाडाचं पान ना?"

"इथं वहीचं. जुनं सोडून नव्यानं सुरुवात करायची."

दीपमालाला गंमत वाटली. आपल्याकडेही फळ पिकतं, रंग विटतो, पोर वयात येते. सगळ्यालाच 'बदललं' कोण म्हणतं?

"आन् फेज आउट?"

"एकदम बंद करायचं नाही. टप्प्याटप्प्यानं काढून टाकायचं."

सोमवारी सुपरवायझर धनेशनं लाइनजवळ इंग्रजीतली नोटीस लावली. "मावशी, नवं मशिन येतंय. लाइन अपग्रेड होणार," म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत दीपमाला नोटिशीवर बोट फिरवत उभी राहिली. चौथ्या ओळीत 'मॅन्युअल इन्स्पेक्शन' होतं, त्यापुढे 'फेज आउट', मग डिसेंबर. आधी तिला आनंदच झाला, आपल्याला वाचता आलं म्हणून. मग लक्षात आलं, हातानं तपासणं म्हणजे आपलंच काम.

"धनेश सर, अपग्रेड मशिनला लिवलंय. आमच्या कामाम्होरं दुसराच शब्द हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

धनेशनं मान खाली घातली. "मला वरून तेवढंच सांगायला सांगितलंय, मावशी."

"मग राहिलेलं मी सांगते."

कँटीनमध्ये तिनं सगळं सांगितलं. "नीट वाचलंस का? इंग्रजी हाय ते," तिच्याच लाइनवरच्या सुभद्राबाईंनी विचारलं. दीपमाला त्यांना हाताला धरून नोटिशीपाशी घेऊन गेली आणि एकेक अक्षर लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या लाइनवरच्या अकराही जणी ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या.

पंधरा दिवस बैठका चालल्या. शेवटी आठ जणींना पॅकिंगला घेतलं. तिथं ओझी उचलावी लागतात, म्हणून चाळिशी उलटलेल्या तिघींना नाही म्हटलं. त्यात दीपमाला होती. सुभद्राबाईही होत्या. "आधी कळलं म्हणून आठ तरी राहिल्या," सुभद्राबाई म्हणाल्या. गुरुवारचा वर्ग मात्र दीपमालानं एकही चुकवला नाही.

डिसेंबरात मशिन बसवायला सलिल नावाचा तरुण इंजिनिअर आला. मशिनच्या कॅमेऱ्याला एक दोष काही केल्या सापडत नव्हता. आतून तुटलेली तार वरून धडधाकट दिसायची. त्यानं कामाचे शेवटचे दिवस भरणाऱ्या दीपमालाला बोलावलं.

"मावशी, तुम्हाला कसं कळतं?"

तिनं डोळे मिटून जुडगा बोटांतून सरकवला आणि एका जागी थांबली. सांगायला इंग्रजी शब्द शोधला, मग मराठी. दोन्ही सापडेनात.

"हात द्या इकडं," ती म्हणाली आणि त्याचं बोट नेमक्या जागी ठेवलं.

सलिल बराच वेळ चाचपत राहिला. "काहीच लागत नाहीये," म्हणाला.

"लागंल. सावकाश," दीपमाला म्हणाली, आणि त्याच्या हातावर हात ठेवून उभी राहिली.